पडद्यामागची वीस मिनिटं

"हिरवा!" असं नंदा पडद्यामागून ओरडली की स्वयंपाकघरात आई तवा चढवायची. मधल्या खोलीत आईच्या जुन्या पातळाचा पडदा लावलेला होता. त्याच्यामागे बाबांची खाट, आणि खाटेशेजारच्या स्टुलावर स्पिरिटचा दिवा, लाकडी चिमटा, काचेची नळी आणि निळ्या औषधाची बाटली. रोज सकाळी त्या निळ्या औषधात बाबांच्या लघवीचे आठ थेंब टाकायचे, नळी दिव्यावर धरायची आणि रंग पाहायचा. निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा म्हणजे थोडी. पिवळा म्हणजे काल काहीतरी चुकलं. विटकरी झाला की घरातल्या सगळ्यांचे आवाज खाली यायचे, आई तव्यावरची भाकर विसरायची आणि बाबा स्वतःच सांगून टाकायचे, "काल शाळेत अर्धा पेढा खाल्ला, बाप्पा. कोणाचा तरी पोरगा पास झालता." त्या वेळी शेजारच्या घरात रेडिओ लागलेला असायचा, नळावर पाण्याचे पितळी गुंड वाजायचे, आर्वीच्या डेपोतून पहिल्या गाड्या हॉर्न देत निघायच्या. पण त्या घराची सकाळ म्हटली की मला आजही आधी नंदाचा आवाज ऐकू येतो. नंदा माझी धाकटी बहीण, माझ्याहून अडीच वर्षांनी लहान. त्या आवाजात मालकी होती, आणि मला ती सहन व्हायची नाही.

बाबांना साखरेचा आजार मी बोलायला लागायच्या आधीपासून होता. त्यामुळे आजारी नसलेले बाबा मी पाहिलेलेच नाहीत. ते आर्वीच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. फळ्याकडे न पाहता, मुलांकडे तोंड करून, एका हाताने भारताचा नकाशा काढायचे अशी त्यांची ख्याती होती. घरात मात्र सगळं त्यांच्या ताटाभोवती फिरायचं. ज्वारीची भाकर, मुगाचं वरण, मेथीची कोरडी भाजी, आणि जेवणाआधी कारल्याचा रस, जो प्यायल्यावर ते डोळे घट्ट मिटून "वा!" म्हणायचे. आम्हाला वाटायचं त्यांना खरंच आवडतो. पोळ्याला आई पुरणाच्या पोळ्या करायची, पण आम्ही त्या स्वयंपाकघराचं दार लोटून, तोंडाचा आवाज न करता खायचो. बाहेरून बाबा विचारायचे, "कशी झाली गं?" आणि आई आतून म्हणायची, "जमली नाई यंदा. फुटून राह्यली." दरवर्षी तिची पुरणपोळी जमलेली नसायची. आता मी स्वतः पुरण घातलं की पहिली पोळी उलटताना मला आईचं ते खोटं आठवतं, आणि कितीही माणसं जेवायला असली तरी मी माझी पोळी शेवटी, एकटीने खाते.

मी सातवीत असताना बाबांच्या डोळ्यांसमोर माशा दिसायला लागल्या. म्हणजे माशा नव्हत्या, डोळ्यांच्या आत रक्त उतरत होतं. इन्सुलिनच्या सुईवरच्या रेघा त्यांना दिसेनात. आतापर्यंत ते स्वतःची सुई स्वतः घ्यायचे. आईला सुई पाहिली की भोवळ यायची, म्हणून एका रविवारी डॉक्टरांकडचे कंपाउंडर देविदासभाऊ घरी आले आणि त्यांनी आम्हा दोघी बहिणींना समोर बसवलं. त्यांनी पिशवीतून दोन संत्री काढली. "मानसाची कातडी अशीच असते," ते म्हणाले. "जास्त जोर नाई, अन् जास्त भेवबी नाई." मी मोठी, म्हणून आधी माझी पाळी. मी वर्गात पहिली येत होते, मला सगळं यायचं, हे मला आणि घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. बाबा खाटेवर बसून माझ्याकडे, म्हणजे माझ्या दिशेने, पाहत होते. मी डोळे मिटून सुई घातली, ती संत्र्याच्या कडेतून आरपार निघाली आणि माझ्याच अंगठ्यात गेली. मी किंचाळले. नंदाने दुसरं संत्रं घेतलं, डाव्या हाताने त्याची साल चिमटीत धरली, जशी आई फाटलेला परकर शिवताना कापड धरायची तशी, आणि सुई घालून काढूनही टाकली. देविदासभाऊ हसले. "ही होय तुमची डॉक्टरीण, सर." बाबांनी हात पुढे केला, नंदाने तो धरला आणि ते म्हणाले, "मंग नंदाच." दोन शब्द. मी अंगठा तोंडात घालून बसले होते. पुढची तीन वर्षं मी त्या दोन शब्दांवर काढली.

आज कोणी म्हणेल, अकरा वर्षांच्या पोरीवर केवढं ओझं टाकलं. मला तेव्हा ते ओझं दिसत नव्हतं, मला पडदा दिसत होता. रोज सकाळी वीस मिनिटं तो लावलेला असायचा. मी बाहेरच्या खोलीत पुस्तक उघडून बसायचे आणि कान आत असायचे. आधी स्पिरिटचा वास यायचा. मग इन्सुलिनची बाटली नंदा दोन्ही तळव्यांत फिरवायची. ती हलवायची नसते, हळूहळू चोळायची असते. आणि तिच्या हातातल्या काचेच्या बांगड्या एका लयीत वाजायच्या. मग थोडी शांतता. आणि मग बाबांचा आवाज, जो आमच्याशी बोलताना कधी नसायचा असा, सैल, थट्टेचा. काहीतरी सांगायचे ते तिला. नंदा फिस्सकन हसायची. एकदा मी नुसतं एवढंच ऐकलं, "अन् मंग तुही आजी म्हणे..." आणि पुढचं काही ऐकू आलं नाही. आजी काय म्हणाली? ती माझीही आजी होती. मी दिवसभर नंदाच्या मागे लागले, "काय सांगितलं बाबांनी?" तर ती म्हणाली, "काई नाई, असंच." तिला खरंच त्यात काही वाटत नसणार. मला मात्र ती कंजूष वाटली, पेटीत दागिना लपवून ठेवणाऱ्या बाईसारखी.

संध्याकाळी पाय. बाबांच्या तळपायांना काही कळायचं नाही, खडा टोचला तरी समजायचं नाही, म्हणून नंदा परातीत कोमट पाणी घेऊन त्यांचे पाय धुवायची, टॉर्च लावून प्रत्येक बोटाच्या बेचक्यात पाहायची, टाचेला खोबरेल तेल लावायची. पाहताना ती तोंडाने गावांची नावं घ्यायची, कारण बाबांनीच खेळ काढला होता: अंगठा म्हणजे आर्वी, त्याच्याशेजारचं पुलगाव, मग देवळी, हिंगणघाट, आणि करंगळी म्हणजे समुद्रपूर. "पुलगाव ठीक. देवळीत जरासं लाल हाय, बाबा." मी आठवीत तालुक्यातून पहिली आले त्या दिवशी मी निकाल घेऊन धावत घरी आले. पायांचीच वेळ होती. बाबा म्हणाले, "छान. लय छान, सुधा." त्यांनी कागद हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला, दूर नेला, आणि परत दिला. मग त्यांचा पाय परातीत हलला आणि ते म्हणाले, "नंदे, आज पाणी गरम हाय का गं? मले तर समजतच नाई." आणि नंदाने कोपर बुडवून पाहिलं आणि दोघंही पाण्याबद्दल बोलत राहिली. मी निकालाच्या कागदाची घडी घालून तो भूगोलाच्या पुस्तकात ठेवला. माझ्यासाठी त्या दिवशी आईने शिरा केला होता. मी तो खाल्ला नाही.

आता जे सांगणार आहे ते मी माझ्या नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. नववीत असताना एका दुपारी घरी कोणी नाही असं पाहून मी पडद्यामागे गेले. स्पिरिटचा दिवा लावला, नळीत निळं औषध घेतलं आणि त्यात माझ्या स्वतःच्या लघवीचे आठ थेंब टाकले. त्याआधी आठवडाभर मी आईने पाहुण्यांसाठी वर ठेवलेल्या डब्यातली साखर चमच्या-चमच्याने चोरून खाल्ली होती. नळी दिव्यावर धरली. बुडबुडे आले. मी मनात म्हणत होते, विटकरी हो, विटकरी हो. मला दिसत होतं, मी खाटेवर आडवी आहे, बाबा खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले आहेत, आणि पडदा लावलेला आहे. रंग निळाच राहिला. आकाशासारखा स्वच्छ निळा. मी नळी धुऊन जागेवर ठेवली आणि न्हाणीत बसून रडले. निरोगी असल्याबद्दल कोणी इतकं रडलं असेल असं मला वाटत नाही.

दहावीची परीक्षा देऊन मी मोकळी झाले होते तेव्हा बाबांच्या डोळ्यांना लेझर करायचं ठरलं. वर्ध्याजवळ सावंगीला मोठा दवाखाना होता, तिथे जायचं होतं. तारीख आली ती नेमकी नंदाच्या आठवीच्या पेपरची. आई म्हणाली, "तारीख पुढं ढकला. नंदा नसली तर कोण पाहील?" मी म्हणाले, "मी काय मेली का?" आई माझ्याकडे पाहतच राहिली. बाबा म्हणाले, "येऊ दे तिले. मोठी झाली आता." मी त्या रात्री माझा चांगला ड्रेस उशाखाली दाबून ठेवला, इस्त्री व्हावी म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी नंदाने बाबांना सुई दिली, आईने भाकर-भाजी वाढली आणि दुपारचा डबा बांधून दिला. मी चप्पल घालत होते तर नंदा शाळेच्या गणवेशात, एका खांद्यावर दप्तर, अशी माझ्याजवळ आली. तिच्या हातात एक फडक्याची पुरचुंडी होती. त्यात खडीसाखर आणि ग्लुकोजची बिस्किटं होती.

"ताई, हे हातातच ठेवजो, पिशवीत तळाशी टाकू नको," ती म्हणाली. "एक वाजला की बाबाले जेवू घालजो. ते गप्प झाले की समजजो. घाम आला की लगेच खडीसाखर तोंडात टाक. त्यायले विचारू नको, ते नाई म्हणतात."

"मले समजत नाई का?" मी म्हणाले.

"तसं नाई ताई. कधीकधी ते चिडतात. चिडले तरी दे."

ती पळत शाळेत गेली. मी पुरचुंडी हातात घेऊन उभी होते. पेपरांच्या आधी अभ्यास विचारायला माझ्याकडे येणारी ही पोरगी मला बाबांबद्दल शिकवत होती. मी ती पुरचुंडी बाहेरच्या खोलीतल्या खिडकीत ठेवली. विसरले नाही. ठेवली. आणि बाबांचा हात धरून डेपोकडे निघाले.

तो दिवस निम्मा तरी माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस होता, हे लिहायलाच हवं. दवाखान्यात बाबांच्या डोळ्यांत थेंब टाकले आणि बाहुल्या मोठ्या व्हायला वेळ लागतो म्हणून बाकावर बसवलं. बाबांना काही दिसत नव्हतं. ते माझा हात धरून बसले आणि बोलायला लागले. मला म्हणाले की त्यांना मास्तर व्हायचंच नव्हतं, जमीन मोजणीच्या खात्यात जायचं होतं, साखळी घेऊन रानोमाळ हिंडायचं होतं; पण त्यांच्या वडिलांनी मास्तरकीला घातलं. "म्हणून नकाशे काढत बसलो," ते म्हणाले आणि हसले. तोच सैल आवाज, जो मी तीन वर्षं पडद्याबाहेरून ऐकला होता. मी विचारलं, आजी काय म्हणाली होती? "कधी?" "नंदाला सांगत होता ते." त्यांना आठवेना, पण त्यांनी आजीच्या दुसऱ्या चार गोष्टी सांगितल्या. एक वाजून गेला. ते म्हणाले, "भूक लागल्यासारखी वाटते गं." मी म्हणाले, "नंबर जाईल बाबा, थोडं थांबू." नंबर जाणार नव्हता, अजून दहा-बारा माणसं आमच्या पुढे होती. डबा उघडला असता तर बोलणं थांबलं असतं, एवढंच.

लेझर होऊन आम्ही ऑटोने वर्ध्याच्या स्टँडवर आलो तर आर्वीची गाडी सुटायच्या बेतात. बाबा म्हणाले, "चाल, गाडीतच जेवू." काळा चष्मा लावलेले बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून चढले. गाडी खच्चून भरलेली. एका माणसाने बाबांना जागा दिली, मी त्यांच्याजवळ दांडी धरून उभी राहिले. एप्रिलचं ऊन, खिडकीतून भट्टीसारखी हवा. मला अजून बोलायचं होतं. मी विचारलं, "बाबा, साखळी किती लांब असते?" ते काही बोलले नाहीत. पुन्हा विचारलं. गप्प. मला वाटलं थकले. मग त्यांच्या कपाळावर घाम दिसला. सगळ्यांनाच घाम येत होता. पण त्यांचा सदरा पाठीला चिकटला आणि ओठ हलायला लागले. मी वाकून कान लावला. "नंदा," ते म्हणत होते. "नंदा कुठं गेली? नंदाले बोलाव."

मी सरळ उभी राहिले आणि खिडकीबाहेर पाहायला लागले. मला समजलं होतं की नाही, हे मी चाळीस वेळा स्वतःला विचारलं आहे. गप्प झाले की समजजो, घाम आला की लगेच. दोन्ही झालं होतं. पण सबंध दिवस मी त्यांच्याजवळ होते, डोळ्यांत थेंब मी टाकून घेतले, हात मी धरला, आणि ते नंदाला शोधत होते. दोन थांबे गेले. दोन थांबे मी कापसाच्या मोकळ्या शेतांकडे पाहत राहिले.

मग बाबा उभे राहिले. एका हाताने वरची दांडी धरून ते ओरडले, "खाली बसा! सगळे खाली बसा! नकाशावर लक्ष द्या!" गाडीत हशा पिकला. ते पुढच्या माणसाच्या टोपीला हात घालून म्हणाले, "तू उभा राहा. वर्धा नदी कुठून निघते?" तो माणूस चिडला. "ओ मास्तर, भर दुपारीच लावून आले का?" मागून कोणीतरी म्हणालं, "उतरवा याले, बाया-मानसं हायेत गाडीत." मी डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडून त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांनी माझा हात असा झटकला की डबा पायांत पडला आणि भाजी सगळ्यांच्या चपलांना लागली. शेजारच्या बाईने मला विचारलं, "पोरी, हे तुये बाबा होय का?" मी लगेच उत्तर दिलं नाही. किती वेळ दिलं नाही ते सांगता येत नाही. एक श्वास असेल. पण त्या बाईने तो ऐकला, कारण तिची नजर बदलली.

"हो," मी म्हणाले, "माझे बाबा आहेत. ते प्यालेले नाहीत. ते आजारी आहेत."

कंडक्टर गर्दीतून वाट काढत आला. जाड मिशांचा, बाबांच्याच वयाचा माणूस. त्याने बाबांच्या कपाळाला हात लावला आणि मला विचारलं, "बाई, याइले शुगर हाय का? सुई घेतात?"

"हो."

"काई गोड हाय जवळ?"

"नाही."

"सुई घेनारा मानूस, अन् गोड जवळ नाई?" तो रागावला नव्हता, त्याला खरंच नवल वाटलं होतं. त्याने घंटीची दोरी ओढली. पुढे थोड्याच अंतरावर बाभळीखाली उसाच्या रसाचं दुकान होतं. गाडी तिथे थांबली. चरकाची घुंगरं वाजत होती. कंडक्टर स्वतः उतरून रसाचे दोन पेले घेऊन आला. बाबा दात आवळून मान फिरवत होते. ज्या माणसाच्या टोपीला त्यांनी हात घातला होता त्यानेच त्यांना मागून मिठीत धरलं आणि म्हणाला, "घ्या गुरुजी, घोटभर घ्या. नदी मी सांगतो तुम्हाले, मध्य प्रदेशातून निघते." मी पेला त्यांच्या ओठाला लावला. अर्धा रस सदऱ्यावर सांडला. कंडक्टर म्हणाला, "हळू. घोटघोटच. माह्या मायलेबी हाय, मले मालूम हाय हे." चाळीस-पन्नास माणसं, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, सगळे त्या उन्हात गाडीतून खाली उतरून उभे होते. दुसरा पेला संपत आला तेव्हा बाबांनी मान वर केली. चष्मा कुठेतरी पडला होता. मोठ्या झालेल्या काळ्या बाहुल्यांनी ते प्रकाशाकडे पाहत होते.

"कोणतं गाव होय?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच्या सदऱ्याला हात लावला, तो चिकट लागला, आणि त्यांना सगळं कळलं. "मी काई बोललो का?"

"काई नाई बोलले, सर," कंडक्टर म्हणाला. "झोप लागलती तुम्हाले." टोपीवाला माणूस टोपी झटकत दुसरीकडे पाहत होता. बाबांनी हात जोडले, कोणाकडे जोडावेत ते दिसत नव्हतं म्हणून नुसते समोर, आणि घरी पोचेपर्यंत ते खाली उतरवले नाहीत असं मला आठवतं. तसं नसेल. पण मला तसंच आठवतं.

घरी आलो तेव्हा नंदा पेपर देऊन आलेली होती. तिने बाबांचा सदरा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि मग खिडकीकडे पाहिलं. पुरचुंडी तिथेच होती. आई विचारत होती, काय झालं, काय झालं. बाबा खाटेवर बसत म्हणाले, "गोड नव्हतं जवळ. कसं नव्हतं?" मी तोंड उघडायच्या आधी नंदा म्हणाली, "मी द्यायची इसरली, बाबा. पेपरच्या गडबडीत."

बाबा तिला कधी बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "तुह्यावर भरवसा ठेवला होता मी. बिनकामाची पोट्टी. आज मेलो असतो मी." नंदा मान खाली घालून उभी होती, तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. आणि मला, मेल्याहून मेल्यासारखं वाटत असताना, आत कुठेतरी गार वाटलं. नंदाला बोलणी बसत होती. मी ते ऐकत होते आणि अजून थोडं ऐकायचं होतं. ते गार वाटणं पाच-सहा क्षण टिकलं असेल, आणि पुढे सबंध आयुष्य मला त्याचीच जास्त लाज वाटली, दोन थांब्यांपेक्षाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडदा बाजूला सारून आत गेले. नंदा बाटली चोळत होती. मी म्हणाले, "बाबा, नंदाने दिली होती. मीच खिडकीत ठेवली. मुद्दाम." बाटली फिरवणं थांबलं. बाबांनी नंदाचा हात चाचपडून धरला, आपल्या कपाळाला लावला आणि म्हणाले, "चुकलो, बेटा." तिला म्हणाले. मी तिथेच उभी होते. मला वाटलं आता मला मारतील, आणि मला ते हवं होतं. ते माझ्या दिशेने वळले. "सुधा, माह्या औषधाच्या भानगडीत तू आता पडू नको. तू शिक. नागपूरले जा, मोठी हो. बस." आवाज रागाचा नव्हता, फळ्यासमोरचा होता. नंदाने सुई दिली. मी पडदा लावून बाहेर आले.

मी ती हद्दपारी समजले. नागपूरला गेले, शिकले, तिथल्याच कॉलेजात शिकवायला लागले. बाबा त्यानंतर सोळा वर्षं जगले. डोळे गेले, मग उजव्या पायाचं देवळी आणि हिंगणघाट गेलं, शेवटी मूत्रपिंडं. आठवड्यातून दोनदा सावंगीला डायलिसिस. नंदाला आर्वीतच दिलं होतं, दोन गल्ल्या सोडून. ती रोज सकाळी यायची. मी दिवाळीत आणि उन्हाळ्यात जायचे, फळं घेऊन, जी त्यांना चालायची नाहीत. बाबा गेले तेव्हा सगळे नातेवाईक नंदाच्या डोक्यावरून हात फिरवत होते, "किती केलं पोरीनं," म्हणत होते, आणि मी दारात उभी राहून, वडील गेलेली बत्तीस वर्षांची बाई, त्या हातांचाही हेवा करत होते.

हे एवढं लिहून झाल्यावर मागच्या महिन्यात मी आर्वीला गेले आणि नंदाला वाचून दाखवलं. तिच्या घरी, दुपारी, जेवणं झाल्यावर. तिला आता चष्मा आहे, नातवाचं स्वेटर विणत ती ऐकत होती. नळीच्या गोष्टीला ती इतकी हसली की सुया खाली पडल्या. गाडीच्या गोष्टीला हसली नाही. शेवटी मी कागद मिटले तर म्हणाली, "समदं बराबर लिहिलं, ताई. एक राह्यलं. पण ते तुले कसं माहीत असंन."

"काय?"

"बारावी झाल्यावर मी नर्सिंगचा फॉर्म आनलता. वर्ध्याहून. हॉस्टेलचा. समदा भरला, फक्त बाबाची सही पायजे होती. मी त्यायले वाचून दाखवला, पहिल्या ओळीपासून. ते म्हणे, ठेव. मी उशाखाली ठेवला. रोज सकाळी सुई देताना पाह्यची. तारीख गेली तरी तो तिथंच होता." तिने लोकरीचा गुंडा मांडीवर घेतला. "मंग एक दिवस म्हणे, नंदे, तू गेली तर माह्यं कोन पाहीन? मी काई बोलली नाई. तुले जा म्हणे, ताई. मले थांब म्हणे. मी पडद्यातून पाह्यची, तू बाहेर पुस्तक घेऊन बसली राह्यची. मले वाटे, हिच्यावर बाबाचा किती जीव हाय, हिले काई करू देत नाई."

पस्तीस-चाळीस वर्षं जे मी एका बाजूने पाहत होते त्याला दुसरी बाजू होती आणि तिथे माझी बहीण बसलेली होती, हे कळायला मला माझंच लिखाण तिला वाचून दाखवावं लागलं. मी म्हणाले, "तू कधी बोलली नाईस."

"तू कधी इचारलं?" ती म्हणाली. मग, जसं काही झालंच नाही तशी, घड्याळाकडे पाहून उठायला लागली. "चार वाजले. चहा टाकते."

"तू बस," मी म्हणाले. "मी करते."

मी तिच्या स्वयंपाकघरात गेले. गॅस पेटवला, पाणी ठेवलं, आणि फळीवरचे सगळे डबे एकेक करून पाहिले. मग आतूनच मला विचारावं लागलं, नंदा, तुझ्याकडे चहापत्ती कुठे असते?